बारीक लोकांचा माणूस

ताकसांडेजी चहा प्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. साबण बोटांच्या बेचक्यांतून फिरवायचा, नखं तळहातावर घासायची आणि शेवटी नळ कोपरानं बंद करायचा. तोवर टेबलावरच्या चहावर साय धरलेली असायची. तो कोमट चहा ते दोन घोटांत संपवायचे. विभागात नवीन आलेला प्रत्येक जण त्यांना एकदा तरी म्हणायचाच, "अहो, चहा तरी गरम प्या, हात नंतर धुवा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "चहा थांबते जी. बारीक लोकं थांबत नाईत."

बारीक लोकं म्हणजे जिवाणू. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हापासून ते तिथे परिचर होते. मी तिथे शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या नोकरीला वीसेक वर्षं झाली असतील. शिक्षण दहावी. पण काचेच्या बश्या धुता धुता, जिवाणू वाढवायला लागणारं माध्यम शिजवता शिजवता त्यांनी जे शिकून घेतलं होतं ते आमच्या पुस्तकांत नव्हतं. त्या माध्यमाला ते 'खीर' म्हणायचे. सकाळी आल्या आल्या मला सांगायचे, "मॅडम, खीर जमली आज." कुठल्या बशीत काय वाढलंय हे ते झाकण किलकिलं करून वासावरून ओळखायचे. मी रागवायचे, कारण ते धोक्याचं होतं. ते मान हलवायचे आणि माझी पाठ वळली की पुन्हा वास घ्यायचे.

माणसांशी त्यांचं फारसं बोलणं नसे. भांडण नव्हतं कुणाशी, आकस नव्हता. पण डबा खायला सगळे एकत्र बसले की ते आपला डबा घेऊन निर्जंतुक करायच्या भट्टीच्या खोलीत जायचे. मे महिन्यात वर्ध्याला रस्त्यावरचं डांबर पातळ होतं, तेव्हासुद्धा. मी एकदा विचारलं, "तिथे उकडत नाही का?" म्हणाले, "उकडते. पण आवाज नाई तिथं."

एकदा कॉलेजची तपासणी करायला समिती आली होती. सगळी प्रयोगशाळा चकचकीत करून ठेवलेली. समितीतल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "हे माध्यम आजच तयार केलंय का?" आमचे विभागप्रमुख 'हो' म्हणायला तोंड उघडतात तोच भिंतीशी उभे असलेले ताकसांडेजी म्हणाले, "मॅडम, ते वापरू नका. सकाळी लाइन गेलती. भट्टीनं पूर्ण टाइम घेतला नाई. त्यात बारीक लोकं जिते असन."

विभागप्रमुखांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. समिती गेल्यावर त्यांनी ताकसांडेजींना सगळ्यांसमोर वाट्टेल ते सुनावलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले, मग ते सगळं माध्यम ओतून दिलं, भांडी धुतली आणि पुन्हा खीर शिजत घातली. संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "काही वेळा गप्प बसायचं असतं, ताकसांडेजी." त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "मले माहीत होतं ना जी. माहीत नसतं त बसलो असतो गप."

निवृत्त झाल्यावर ते सेलूकडच्या आपल्या गावी गेले. वडिलोपार्जित तीन एकर जमीन, धाकटा भाऊ रमेश याच्या वावराला लागून. रमेशनं मासे पाळायला शेततळं खणलं होतं, त्याच्या नादानं ताकसांडेजींनीही खणलं. तळाशी जाड काळी पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा कागद, अंथरली, बाजूच्या नाल्यातून मोटरनं पाणी घेतलं आणि रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई त्याच सुमारास नागपूरला गेल्या होत्या. मुलगी तिथे नर्स, तिला जुळं झालेलं. सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या त्या तिथेच अडकल्या. रोज संध्याकाळी ताकसांडेजी तळ्याच्या बांधावर उभे राहून त्यांना फोन करायचे, कारण रेंज फक्त तिथेच यायची. एका संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेले होते. इकडून ते माशांची खबर सांगत होते, तिकडून त्या नातवंडांची. मग तिकडे एक लेकरू रडायला लागलं. "जा तू," ते म्हणाले, "पाह्य त्याले." फोन बंद झाल्यावरही बराच वेळ तो त्यांच्या कानालाच होता.

दुसऱ्या वर्षी मासे आजारी पडायला लागले. दाणा खाईनात. सकाळी पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करत. अंगावर लाल चट्टे, खवले उभे राहिलेले, शेपट्या झिजलेल्या. दाणा विकणाऱ्यानं एक पुडी दिली आणि म्हणाला, "दाण्यात मिसळा. चार दिवसांत टनाटन." आजूबाजूचे सगळे तेच औषध घालत होते, रमेशही. ताकसांडेजींनीही घातलं. मरणं थांबलं नाही.

तेव्हा ते माझ्याकडे आले. थर्मासच्या खोक्यात बर्फ, त्यात दोन मासे आणि मुरांब्याच्या धुतलेल्या बाटल्यांतून पाणी. मी मासा कापला. त्याच्या आतड्यात दाण्याबरोबर काळे-निळे बारीक कपटे होते. उन्हानं तडकलेल्या पन्नीचे तुकडे, दाण्याच्या पोत्याचे धागे, नाल्यातून आलेल्या गुटख्याच्या पुड्यांची चकाकी. एक कपटा त्यांनी चिमट्यानं उचलला आणि उजेडात धरला.

"बुळबुळीत हाय मॅडम."

"पाण्यातली प्रत्येक गोष्ट बुळबुळीत होते."

"होय. पण ह्याले घासून पाहू."

आम्ही तो कपटा बशीतल्या माध्यमावर घासला. दुसऱ्या दिवशी बशी गच्च भरली होती. मग त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जिवाणू मरून स्वच्छ गोल पडतो. तळ्यात घातलेल्या औषधाच्या टिकलीला जिवाणू चिकटून वाढले होते. गोल नव्हताच.

ताकसांडेजींनी बशी बराच वेळ पाहिली. "त्याईनं घर केलं हो पन्नीवर," ते म्हणाले. "आपण औषध टाकून राह्यलो अन् ते घरात बसून शिकून राह्यले."

एका बशीवरून काही सिद्ध होत नाही, असं मी त्यांना सांगितलं. नमुने पुन्हा घ्यावे लागतील, शेजारची तळी तपासावी लागतील. माझं म्हणणं बरोबरच होतं. पण ते ऐकताना ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी भट्टीचा टाइम कमी धरायला सांगतेय.

आणि तेवढ्यात चंद्रकलाबाईंचं बोट गेलं.

चंद्रकलाबाई ढिवर या मासेमार समाजाच्या. सेलूच्या बाजारात मासे विकायच्या. ताकसांडेजींचा माल त्याच न्यायच्या. ताकसांडेजींच्याच तळ्यातला मासा साफ करताना पराचा काटा उजव्या हाताच्या मधल्या बोटात गेला. असे काटे त्यांना जन्मभर लागत आले होते. हळद लावून त्या कामाला लागल्या. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला, ताप चढला. दवाखान्यात एकामागून एक औषधं बदलावी लागली. हात वाचला, पण बोट मुळापासून कापावं लागलं.

ताकसांडेजी रोज सायकलनं स्टँडवर, तिथून एस.टी.नं दवाखान्यात जायचे. त्या कॉटवर बसलेल्या असायच्या, हे खाली स्टुलावर. एक दिवस चंद्रकलाबाईच म्हणाल्या, "भाऊ, तोंड पाडून काऊन बसता? काट्याचा काय भरोसा. आमच्या बुढ्याचाही अंगठा असाच गेलता."

"माह्या तळ्यातला होता तो मासा."

"अन् बाकीच्याईचे मासे काय दुधात पोहतेत?"

हे सगळं चंद्रकलाबाईंनी मला नंतर सांगितलं, हसत हसत, बँडेज बांधलेला हात उंच धरून. ताकसांडेजींना मात्र हसू आलं नसणार. ती जखम खरंच त्यांच्या तळ्यातल्या जिवाणूंमुळे चिघळली की आणखी कशामुळे, हे कुणालाच खात्रीनं सांगता आलं नसतं. मी त्यांना तसं म्हटलंही. "होय," ते म्हणाले, "तेच त मले माहीत नाई." त्यांचा आवाज असा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी ठरवलं की आसपासच्या तळेवाल्यांना बोलावून सगळं सांगायचं. मला म्हणाले, "मॅडम, तुमी यान त बरं होईन. माहं कोण ऐकते? मी बश्या धुणारा माणूस." मी येते म्हटलं. त्या दिवशी कॉलेजात परीक्षेची बैठक निघाली. ती मोठी महत्त्वाची होती असं आता मला म्हणवत नाही. मी फोन करून कळवलं. ते म्हणाले, "ठीक हाय, ठीक हाय. मी सांगतो ना."

गावच्या विहारासमोरच्या ओट्यावर पंधरा-वीस जण जमले. ताकसांडेजींनी बश्या नेल्या होत्या, झाकणांना चिकटपट्ट्या लावून. त्या हातात धरून ते सांगत होते की पन्नी फाटली की तिचे तुकडे मासा खातो, त्या तुकड्यांवर रोग बसतो, औषध निष्काळजीपणे घातलं की रोग मरत नाही, हुशार होतो. मासा नीट शिजवला तर खाणाऱ्याला भीती नाही, हेही त्यांनी सांगितलं, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. कानात शिरलं ते एवढंच की मासे रोगी आहेत.

रमेश उठून उभा राहिला. "दादा, तुह्या तळ्यात रोग आला त तू तुह्यापुरतं पाह्य ना. साऱ्याईचं वाटोळं काऊन करून राह्यला?"

"तुह्याही तळ्यात तेच औषध हाय, रमेश. तेच पाणी हाय."

"कॉलेजात झाडू मारला म्हणून डॉक्टर झाला काय तू?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. ताकसांडेजींनी बश्या गोळा केल्या, एकीवर एक नीट ठेवल्या आणि घरी आले. भावानं दुसऱ्याच दिवशी दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीचे काटे टाकले. त्या पायवाटेनं दोन्ही घरांची ताटं-वाट्या इकडून तिकडे जायच्या, ती बंद झाली.

पुढच्या रविवारी मी गेले. मनाला टोचत होतं म्हणून गेले असं म्हणणं खरं होईल. ताकसांडेजी एकटेच जाळं ओढत होते. धरलेले मासे त्यांनी खड्ड्यात टाकले होते, त्यात बरेच चांगले हातभर वाढलेले, विकण्याजोगे. चुन्याची पोती बाजूला पडली होती. तळ्याचं पाणीही नाल्यात सोडायचं नाही, चुना घालून तसंच आटू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बांधावर चंद्रकलाबाई बसल्या होत्या. त्या रागावल्या होत्या.

"पाहा ना हो बाई," मला म्हणाल्या, "बोट माहं गेलं. मी म्हणून राह्यली की विका. अन् हे मातीत घालून राह्यले. मी काय विकू मंग बाजारात? गोटे?"

ताकसांडेजींनी खड्ड्यावर चुना पसरला, मग माती लोटायला लागले. चंद्रकलाबाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग उठल्या, पदर खोचला आणि डाव्या हातानं, जमेल तशी, घमेल्यातून माती टाकू लागल्या. शेजारच्या वावरात रमेश मोटर सुरू करायला आला होता. त्यानं एकदा इकडे पाहिलं आणि मोटर सुरू करून निघून गेला. मीही फावडं घेतलं. काम झाल्यावर ताकसांडेजींनी आम्हा दोघींच्या हातांवर बादलीनं पाणी घातलं, कोपरापर्यंत.

त्यानंतरचं वर्ष त्यांनी कसं काढलं ते मला तुकड्या-तुकड्यांनीच माहीत आहे. पन्नी काढताना तिचे तुकडे व्हायचे, ते हातानं वेचावे लागायचे. तळ ओल्या काळ्या मातीनं पायांनी तुडवून तुडवून घट्ट केला. नाल्याचं पाणी आत येतं तिथे गिट्टी-रेतीचा थर आणि पुढे बारीक जाळी बसवली. ती जाळी रोज साफ करायची. दुधाच्या पिशव्या, पुड्या, लेकरांची लंगोटं, चपलांचे तळवे. गावाची सगळी घाण त्या जाळीशी यायची आणि एक माणूस ती उचलायचा. आधी लोक थट्टा करायचे. मग तेही बंद झालं. रस्त्यानं जाणारी बैलबंडीसुद्धा थांबत नसे. "लोकं शिव्या देत होते ते बरं होतं," एकदा फोनवर म्हणाले. "निदान थांबत होते."

सुशीलाबाईंनी त्यांना नागपूरला बोलावून घेतलं होतं. आठ दिवस राहून परत आले. तिथे त्यांच्या हातांना काही काम नव्हतं. "फ्लॅटात पाणी नळातून येते," मला म्हणाले, "पण पाह्याले नाई भेटत."

नव्या तळ्यात त्यांनी मोजकी बोटुकली सोडली. औषध नाही, दाटी नाही. मासे सावकाश वाढले. ते मोठे झाल्यावर पुन्हा बर्फाचं खोकं घेऊन आले. पुन्हा बशी, पुन्हा टिकल्या. यावेळी टिकल्यांभोवती गोल पडले होते, काही लहान, काही रुपयाएवढे. जिवाणू होतेच, ते कुठे नसतात? पण औषधाला मानणारे होते. मी आनंदानं म्हटलं, "ताकसांडेजी, जमलं की!" त्यांनी बशी तिरकी करून पाहिली. चेहऱ्यावर क्षणभर भट्टीच्या खोलीतला जुना माणूस दिसला.

"जमलं," ते म्हणाले. "आता सांगू कोणाले?"

हा प्रश्न मला वाटला तसा नव्हता. तो अगदी व्यवहाराचा होता. चंद्रकलाबाईंनी ते मासे बाजारात नेले तेव्हा गिऱ्हाइकानं विचारलं, कोणाच्या तळ्याचे? त्यांनी सांगितलं, ताकसांडेचे. गिऱ्हाईक पाटीवरचा हात मागे घेऊन पुढे गेलं. त्या दिवशी अर्धी पाटी परत आली. पुढच्या बाजाराला ताकसांडेजी स्वतः शेजारी जाऊन बसले. थांबेल त्याला समजावून सांगायला लागले की मातीचं तळं आहे, पन्नी नाही, औषध नाही, कॉलेजात तपासलं आहे. जितकं जास्त सांगत तितके लोक लवकर निघून जात. मासेवाला जिवाणूंबद्दल बोलायला लागला तर कोण मासा घेईल? चार-पाच बाजार हे असं चाललं. शेवटी चंद्रकलाबाई हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, तुमी इथं बसू नोका. माह्या पोटासाठी सांगून राह्यली."

ते उठले.

गेल्या हिवाळ्यात मी एका विद्यार्थिनीच्या लग्नाला सेलूला गेले होते. दुपारी बसला वेळ होता म्हणून बाजारात शिरले. वांग्यांचे ढीग, संत्री, मिरच्यांचा खाट. मासळीच्या ओळीत चंद्रकलाबाई दिसल्या. चार बोटांच्या हातानं सरसर खवले काढत होत्या. समोर दोन-तीन गिऱ्हाइकं. पाटीतले रोहू लखलखीत होते. खवल्यांना तो गुलाबी झाक असलेला तांबूसपणा, डोळे पाण्यासारखे स्वच्छ. मी काही बोलायच्या आत माझ्या पुढच्या बाईनं विचारलं, "ताजे हायेत ना? कोठचे?"

"बोर धरणाचे हायेत बाई," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "सकाळीच आणले." आणि मग त्यांना मी दिसले. त्यांचा सुरा थांबला. त्यांनी नजर उचलून माझ्या खांद्यापलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं.

मी वळले. पलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर ताकसांडेजी बसले होते. पांढरा शर्ट, बाह्या पूर्ण खाली. पुढ्यात रिकामं खोकं. एवढ्या बाजारात त्यांच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांना तिथून ऐकू आलं नसेल, पण काय बोललं गेलं ते त्यांना माहीत होतं. दर बाजारी तेच बोललं जात असणार. मी तोंड उघडलं. त्या बाईला सांगायचं होतं की हे मासे कुणाचे आहेत, कुणी कसे वाढवले आहेत.

ताकसांडेजींनी मान हलवली. अगदी हळू, एकदाच. नाही.

बाईनं मासा घेतला, पिशवीत टाकून घेतला आणि गेली. मी माझ्यासाठी एक निवडला. चंद्रकलाबाईंनी तो साफ करून दिला, माझ्याकडे न पाहता. तो हातात घेऊन मी मागे वळले तेव्हा ते पायरीवरून उठले होते. खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधत होते, दोरीचे तीन वेढे, मग गाठ, मग ती ओढून पाहायची. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला, जसा आपण लांबच्या ओळखीच्या माणसाला करतो, आणि गर्दीतून सायकल हातात धरून चालत गावच्या रस्त्याला लागले.